मनगटावरचे आकडे आणि वाशीमची कामे

फिटनेस बँड ही आता केवळ मोठ्या शहरांतली वस्तू राहिलेली नाही. वाशीम, कारंजा, रिसोडच्या मोबाइल दुकानांत तो काचेआड मांडलेला असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे तो बांधून मैदानावर धावतात. डॉक्टरांनी रोज चालायला बजावलेले काका-काकू तो बांधून बालाजी मंदिरापर्यंत फेरी मारतात. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दिवाळीला घरी येतो आणि जाताना वडिलांच्या मनगटावर तो बांधून जातो. बँड मुख्यतः चार गोष्टी सांगतो : पावले, नाडीचे ठोके, खर्च झालेल्या कॅलरी आणि झोप. हे आकडे किती खरे, कोणत्या कामात खरे आणि कोणाच्या अंगावर खरे, याचा पद्धतशीर शोध घेणारे एक अभ्यासक्षेत्र गेल्या दीडेक दशकात उभे राहिले आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. वाचकांनी विज्ञान शाखेचे असलेच पाहिजे असे नाही. माणसे काम कशी करतात याकडे नीट पाहण्याची सवय असली की पुरे, आणि ती सवय आपल्याकडच्या माणसांना उपजतच असते.

वाशीमच्या वाचकाने या विषयासाठी वेळ का काढावा, हा प्रश्न रास्त आहे. पहिले कारण आरोग्याचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी जाहीर केलेल्या अंदाजानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. हे अंदाज लोकांना प्रश्न विचारून केलेल्या सर्वेक्षणांवर उभे आहेत. ‘दिवसभर काय काम करता?’ असे विचारले की ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, आणि त्या ‘काही नाही’मध्ये पाणी भरणे, गोठा झाडणे, निंदायला जाणे हे सगळे असते. अशा उत्तरांऐवजी यंत्राने मोजावे, हा विचार म्हणूनच पुढे आला. दुसरे कारण पैशाचे. काही आरोग्य विमा योजनांत रोजच्या पावलांवर सवलत मिळू लागली आहे. ज्याचे काम यंत्राला दिसत नाही, त्याला ती सवलतही मिळणार नाही.

यंत्राच्या आत काय चालते, ते आधी समजून घेऊ. पावले मोजणारा भाग म्हणजे अॅक्सेलरोमीटर : तांदळाच्या दाण्याहूनही लहान रचना असलेली चिप, जी तीन दिशांतला झटका सेकंदाला अनेक वेळा टिपते. माणूस चालताना हात झुलतो, त्या झुलण्याला एक लय असते. यंत्र ती लय ओळखते आणि तिच्यावरून पावलांची संख्या काढते. म्हणजे मनगटावरचे यंत्र पाय कधी पाहतच नाही. हाताच्या हालचालीवरून पायांविषयी अनुमान करते. हे एवढे मनात पक्के ठेवले, तर या क्षेत्रातले अर्धे निष्कर्ष तुम्हाला न वाचताही सुचतील. सपाट रस्त्यावर, मोकळ्या हातांनी, बऱ्यापैकी वेगाने चालणाऱ्याची पावले चांगले बँड बऱ्याच अचूकपणे मोजतात. चाल मंदावली, ताशी ३ किलोमीटरच्या खाली आली, की पावले सुटू लागतात. काठी टेकत चालणारे आजोबा, बाजारातून डोक्यावर बोजा आणि त्याला हाताचा आधार देत येणारी बाई, लहान मूल कडेवर घेतलेली आई, या सर्वांचे चालणे बँडला कमीच दिसते. स्वयंपाकघरातले ओट्यापासून चुलीपर्यंतचे दोन-तीन पावलांचे जाणे-येणेही बरेचसे हिशोबाबाहेर राहते, कारण अनेक यंत्रे सलग काही पावले पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत.

परदेशातल्या चाचण्यांत एक प्रयोग वारंवार येतो : दुकानातली सामानाची ढकलगाडी किंवा बाळाची गाडी ढकलत माणसाला चालवायचे आणि पावले मोजायची. हात दांडीवर स्थिर असल्याने मनगटावरचे यंत्र बरीच पावले गाळते, हे त्यांत स्पष्ट झाले. वाशीम जिल्ह्यात ढकलगाडी घेऊन हिंडणारे फार नाहीत, पण जुलैत या जिल्ह्याच्या शिवारात फिरून पाहा. सोयाबीनच्या ओळींमधून बैलजोडी चाललेली असते आणि तिच्यामागे डवऱ्याचे रुमणे दाबून धरलेला माणूस. रुमण्यावर त्याचा हात घट्ट असतो, झुलत मुळीच नाही. पाय मात्र भुसभुशीत काळ्या मातीत एकेक रोवत पुढे जातात. ओळींतले अंतर ४५ सेंटीमीटर धरा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. तेवढ्या रानातल्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर त्यांची लांबी जवळजवळ ९ किलोमीटर भरते. एकाच डवऱ्याने एकरभर रान डवरणारा माणूस तेवढे चालतो. जोडीला दोन डवरे लावून दोघे चालले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार किलोमीटर. पाऊल ६० सेंटीमीटरचे धरले तर एकट्याची १५ हजार पावले होतात. त्या माणसाच्या मनगटावर संध्याकाळी किती पावले दिसतील, हा या क्षेत्रातला अगदी खरा, मोलाचा आणि आपल्या मातीतला प्रश्न आहे. तेच यंत्र पायाच्या घोट्यावर बांधले तर उत्तर बदलते, कारण घोट्यापाशी हातावरून अनुमान करण्याची गरजच उरत नाही.

उलट प्रकारची चूकही असते. सोंगणीच्या दिवसांत बाई वाकून डाव्या मुठीत सोयाबीनची झाडे धरते आणि उजव्या हाताने विळा ओढते. मूठ भरली की बाजूला ठेवते, अर्धे पाऊल सरकते, पुन्हा मूठ. विळ्याच्या हातावर बँड असेल तर लयीत होणारा तो झटका यंत्राला चालण्यासारखा भासू शकतो. डाव्या हातावर असेल तर तेच काम जवळजवळ बसून राहिल्यासारखे दिसेल. बाई एक, काम एक, आणि आकडे दोन. कपाशीच्या वेचणीत दोन्ही हात भराभर चालतात आणि पाय कूर्मगतीने, तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या जिल्ह्यातून, मालेगाव-रिसोडच्या वाटेने जाते. त्या दिंडीत टाळ वाजवणारा आणि पताका धरणारा असे दोन वारकरी शेजारी शेजारी चालत असतात. दोघे तेवढेच अंतर तोडतात, पण पताकेच्या दांड्यावरचा हात स्थिर आणि टाळाचा हात अखंड हलता. मुक्कामी उभ्याने भजन चालते तेव्हा टाळकऱ्याचा बँड न चाललेली पावलेही मोजू शकतो. शहरी चाचणीत वारीसारखी स्थिती कोणी मुद्दाम उभी करून पाहिली नसती. आपल्याकडे ती दर वर्षी आपसूक उभी राहते.

आता नाडी. बँडच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो, तो तुम्ही पाहिला असेल. रक्तातले हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. ठोक्यागणिक मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारातून ठोके मोजले जातात. प्रकाशाने रक्तप्रवाह टिपण्याची ही कल्पना १९३० च्या दशकातली आहे. स्वस्थ बसलेल्या माणसावर ती उत्तम चालते. हात जोरात हलू लागला की यंत्र त्वचेवर सरकते, प्रकाशात हालचालीची ढवळाढवळ मिसळते आणि कधी कधी यंत्र ठोक्यांऐवजी पावलांचीच लय नाडी म्हणून दाखवते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली ५३ लोकांवर सहा यंत्रे तपासली. विश्रांतीच्या तुलनेत हालचाल करताना चूक सरासरी ३० टक्क्यांनी जास्त आढळली. त्वचेच्या रंगामुळे अचूकतेत लक्षणीय फरक मात्र त्यांना आढळला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, पण त्यावर थांबून चालणार नाही. त्याच वर्षी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल अमेरिकेत वेगळेच दिसले : रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात घटलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडले. कोरोनाकाळातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत जी यंत्रे गावोगाव फिरली, ती याच जातकुळीची होती. म्हणून कोणत्या यंत्राविषयी, कोणत्या मापाविषयी आणि कोणत्या माणसांविषयी निष्कर्ष आहे, हे वाचकांनी दर वेळी तपासून घ्यावे.

आपल्याकडच्या मनगटांचे काही विशेष तर अजून पुरेसे अभ्यासलेच गेलेले नाहीत, आणि माझ्या मते इथे नव्या अभ्यासकाला सर्वांत मोठी संधी आहे. गोंदणाची शाई प्रकाश अडवते, हे बँड बनवणाऱ्या कंपन्याही सांगतात. मानोरा-मंगरुळपीरकडच्या तांड्यांवरच्या आणि गावांतल्या वयस्क बायांच्या मनगटावर गोंदण असते. हातात बांगड्या असतात. त्या बँडला खाली-वर ढकलतात, त्यावर आपटतात, त्याची पकड सैल करतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण न रुतणारा, असा बँड बांधावा हा सर्वसाधारण सल्ला चुडा भरलेल्या हाताला लागू करणे सोपे नाही. हिवाळ्यात हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी बऱ्याचदा रात्रीच्या विजेवर अवलंबून असतो. पहाटे दोन वाजता गार पाण्यात हात घातलेल्या माणसाच्या कातडीतला रक्तप्रवाह आखडतो आणि नाडीचा संकेत क्षीण होतो. पाणी सोडून तो धुऱ्यावर तासभर निश्चल बसला, तर बँड त्याला झोपेत धरण्याचीही शक्यता असते, कारण बहुतेक बँड झोप ओळखतात ती हालचाल थांबल्यावरून आणि ठोके उतरल्यावरून. झोपेबद्दल इथे इतकेच पुरे.

चारही मापांत कॅलरी हे सर्वांत कच्चे माप आहे, असे मी ठामपणे म्हणेन. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली ६० स्वयंसेवकांवर सात यंत्रे तपासली. सातपैकी सहा यंत्रांची नाडीमोजणीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या यंत्राची चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट यंत्राची ९३ टक्के निघाली. असे का होते? बँड तुमचे वय, वजन, उंची विचारतो, त्यावरून विश्रांतीचा खर्च गृहीत धरतो आणि त्यात हालचाल व नाडी यांवरून भर घालतो. पाठीवर सोयाबीनचे पोते आहे, फवारणीचा भरलेला पंप आहे, की माणूस रिकामा चालतो आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. मे महिन्यातल्या उन्हात नुसते उभे राहिले तरी नाडी वाढते आणि यंत्र त्याला मेहनत समजू शकते. याच्याशी ताडून पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे आकडे जवळ ठेवावेत. ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला २,११० किलोकॅलरी लागतात, मध्यम कामात २,७१० आणि जड कामात ३,४७०. ५५ किलोच्या स्त्रीला अनुक्रमे १,६६०, २,१३० आणि २,७२०. बैठ्या आणि जड कामातले हे हजार-तेराशे किलोकॅलरींचे अंतर बँडने हुकवले, तर त्याच्या आकड्यावरून जेवण ठरवणारा कष्टकरी उपाशी राहील.

रोज दहा हजार पावलांच्या लक्ष्याविषयीही सांगायला हवे, कारण बँड तेच लक्ष्य आधीपासून भरून देतात. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलेमापकाच्या प्रसारातून रूढ झाला. वैद्यकीय प्रयोगातून निघाला नव्हता. २०१९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी वयस्क अमेरिकी स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा स्थिरावला. २०२५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षातही सात हजार पावले पुरेशी चांगली ठरली. तेव्हा बँडवर दहा हजार झाले नाहीत म्हणून कोणी खंतावू नये.

या कामाला आपल्याकडे चांगला पूर्वाधार आहे, हे अभिमानाने नमूद करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास उभा केला. त्याच अभ्यासात डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी जवळपास ८०० गर्भवती स्त्रियांची रोजची मेहनत मोजली. हाताशी मनगटी यंत्रे नव्हती. त्यांनी त्या खेड्यांतली कामे पाहिली आणि त्या कामांनाच धरून प्रश्नावली रचली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत गरोदरपणातल्या जड मेहनतीचा संबंध बाळाच्या कमी जन्मवजनाशी दिसून आला. इथे पद्धतीकडे लक्ष द्यावे : आधी काम पाहिले, मग मापन ठरवले. अलीकडे ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी घाना, नेपाळ आणि आपल्या शेजारच्या तेलंगणातल्या ग्रामीण कुटुंबांना हालचाल-मापक यंत्रे बांधून शेतकामाचा ऊर्जाखर्च अभ्यासला. कापूस तिकडेही आहे आणि इकडेही, त्यामुळे वाशीमच्या अभ्यासकाला ती वाट जवळची वाटेल.

संशोधन-निबंध वाचायला घ्याल तेव्हा काही गोष्टी आधी पाहाव्यात. तुलना कशाशी केली आहे? पावलांसाठी चित्रीकरण पाहून माणसाने केलेली मोजणी, नाडीसाठी ईसीजी किंवा छातीचा पट्टा, कॅलरीसाठी श्वासातल्या वायूंचे मोजमाप हे भरवशाचे आधार. अनेक दिवसांचा खर्च काढायचा तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेले पाणी पाजून नंतर लघवीचे नमुने तपासतात. ही पद्धत महाग असली तरी घरी-शेतात वावरणाऱ्या माणसासाठी तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. चाचणी ट्रेडमिलवर झाली की रोजच्या जगण्यात, हेही पाहावे. नुसत्या सरासरी चुकीवर समाधान मानू नये. एकाची पावले दोन हजार जास्त आणि दुसऱ्याची दोन हजार कमी दाखवली, तर सरासरी चूक शून्य येते आणि दोघेही फसलेले असतात. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली या फसगतीवर सुचवलेला आलेख आज या क्षेत्रात सर्वत्र दिसतो. तो वाचायला अवश्य शिकावे. आणखी एक अडचण लक्षात ठेवावी : अभ्यास छापून येईपर्यंत यंत्राचे नवे मॉडेल बाजारात आलेले असते, म्हणून जुन्या निष्कर्षाचा कल घ्यावा, आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

एवढ्या चुका वाचून बँड निरुपयोगी ठरवण्याची घाई करू नये. चूक नेहमी सारखीच होत असेल, तर तोच बँड, त्याच हातावर, त्याच प्रकारच्या दिवसांत तुमची आजची आणि गेल्या महिन्याची तुलना नीट करून देतो. मधुमेही माणसाला रोज थोडे अधिक चालायला लावण्यात तो नक्की उपयोगी आहे. छातीत दुखत असताना मात्र बँडवरची नाडी ठीक आहे म्हणून घरी थांबू नये. सरळ दवाखाना गाठावा.

शेवटी, सुरुवात कशी करावी ते सांगतो. बोटात घालायचे नामजपाचे काउंटर घरोघरी असते. ते घेऊन चालणाऱ्याच्या मागे चाला आणि त्याच्या दर पावलाला एकदा दाबा. शंभर पावले झाली की बँडवरचा फरक लिहा. रस्त्यावर, नांगरटीत, डोक्यावर घागर असताना, रुमणे धरलेले असताना, अशी वेगवेगळ्या कामांत मोजणी करा. काम थांबताच मनगटाची नाडी स्वतः बोटांनी पूर्ण मिनिटभर मोजून बँडशी ताडून पाहा. ज्याच्या अंगावर मोजाल त्याची आधी परवानगी घ्या आणि त्याचे नाव वहीत लिहू नका. प्रत्येक नोंदीशेजारी कामाचे नाव, यंत्राचे मॉडेल, उजवा की डावा हात, बांगड्या किंवा गोंदण आहे का, जमीन कशी होती आणि वेळ कोणती, एवढे लिहायला विसरू नका. वही भरली की जवळच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना ती दाखवा. सोयाबीनची पहिली डवरणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत येते. पहिली नोंद तिथलीच करा.